पदरात पडलेलं सलगम

"जपानी भाषेत अवघड असं काही नाहीच! लोकांनी उगाच तिचा बाऊ करून ठेवलाय!"

हे उद्गार सानसाहेबांनी एका रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, चौकटीला दोन्ही हात टेकवून काढले. ऐकायला माणसं दोनच होती. बायको ओट्यापाशी काहीतरी चिरत होती आणि आई खुर्चीवर बसून भाजी निवडत होती. दोघींपैकी कुणीही मान वर केली नाही.

"चाळीस दिवसांचा कोर्स! मी एकोणचाळीस दिवसांत उरकला! शेवटच्या धड्याची मला गरजच वाटली नाही!"

"मग मिक्सरचं झाकण कुठे ठेवलंत ते जपानीत सांगा," बायको म्हणाली.

सानसाहेबांना ते मराठीतही सांगता आलं नाही. ते चौकटीवरचे हात काढून बाहेरच्या खोलीत गेले. तो न शिकलेला चाळिसावा धडा मात्र वाचक मंडळींनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे या भल्या माणसाचं जे काही वाटोळं झालं ते त्या एका धड्यापायी झालं.

सानसाहेब हे अर्थातच खरं नाव नव्हे. जपानी लोक आदराने नावापुढे 'सान' लावतात हे पहिल्या धड्यात कळल्यापासून ते दिसेल त्याला सान लावत सुटले होते. मॅनेजर-सान, स्टोअरकीपर-सान! एकदा तर अडकलेल्या फोटोकॉपी मशीनला "मशीन-सान, चला की हो आता" असं विनवताना ते सापडले, आणि बावन्न माणसांच्या त्या कारखान्यात त्यांचं हेच नाव पडलं.

कारखाना बिजागऱ्यांचा. सानसाहेब तिथे एकोणीस वर्षं हेडक्लार्क. दैवाची थट्टा बघा, जिथे रोज चार हजार बिजागऱ्या तयार होतात तिथे सानसाहेबांच्या नशिबी एकही दार नव्हतं! त्यांचं टेबल होतं बोळात. डाव्या हाताला फोटोकॉपी मशीन आणि उजव्या हाताला संडास. संडासाला आतून कडी लागलीय की नाही हे बाहेरून कळायचं नाही, त्यामुळे जो येई तो सानसाहेबांना विचारी, "आत कोणी आहे का?" सानसाहेब पदवीधर होते, टायपिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झाले होते, त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. पण एकोणीस वर्षांत कारखान्याने त्यांना विचारलेला प्रश्न हा एवढाच.

आता या कारखान्याची कुळकथा थोडक्यात सांगतो, म्हणजे घोळ कळायला सोपा जाईल. दोन वर्षांपूर्वी कारखाना एका कुलपांच्या कंपनीने विकत घेतला. चार महिन्यांपूर्वी त्या कुलपांच्या कंपनीला दारं बनवणाऱ्या एका जपानी कंपनीने विकत घेतलं. झालं! बिजागऱ्या कुलपांच्या हातात आणि कुलपं दारांच्या हातात! म्हणून तर सानसाहेब जपानी शिकायला धावले होते.

एके दिवशी मॅनेजर बोळातून लगबगीने आला. मॅनेजर हा पोटाने नाजूक आणि मनाने त्याहून नाजूक असा माणूस होता.

"आत कोणी आहे का?"

"नाही."

"मग हे धरा!" त्याने सानसाहेबांच्या हातात दोन कागद कोंबले आणि आत शिरला. पुढचं संभाषण बंद दारातून झालं.

"जपानहून फॉर्म आलाय, सानसाहेब! पंधरा दिवसांत भरून पाठवायचाय! मला तर नुसता बघूनच कळा यायला लागल्या!"

"सोपा आहे हो! मी बघतो की!"

"नीट झाला तर जपान संपर्क अधिकाऱ्याची नवी जागा तुम्हाला! पत्रात लिहिलंय! केबिनसकट!"

सानसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "दारासकट?"

"दाराशिवाय केबिन असते का कुठे?"

सानसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक दार! आत जाऊन लोटून घेता येईल असं, आपलं स्वतःचं एक दार! त्या क्षणी त्यांना कोणी स्वर्ग देऊ केला असता तरी त्यांनी आधी त्याचं दार कुठल्या बाजूला उघडतं हे विचारलं असतं.

फॉर्म पाठवणाऱ्या कुणा दयाळू जपानी माणसाने, परदेशातल्या लोकांना वाचायला सोपं जावं म्हणून, अवघड चित्रलिपी टाळून तो साध्या अक्षरांत टाइप केला होता. ही दया भलतीच महागात पडली. साधी अक्षरं सानसाहेबांना यायची. त्यांनी खिशातला छोटा शब्दकोश काढला, चष्मा पुसला आणि पहिला शब्द वाचला. ओया-गाइशा.

ओया म्हणजे आईबाप. हे त्यांना पाठच होतं. गाइशा? शब्दकोशात दोन अर्थ होते. एक, परदेशी मोटारगाडी. दोन, पोलिसांच्या बोलीत बळी, म्हणजे ज्याच्यावर घाला पडला तो.

पुढे को-गाइशा. को म्हणजे मूल. मग मागो-गाइशा. मागो म्हणजे नातवंड. मग क्योदाइ-गाइशा, क्योदाइ म्हणजे भावंडं. शेवटी कानरेन-गाइशा, म्हणजे संबंधित.

"आईबापांची मोटार, मुलांची मोटार, नातवंडांची मोटार," सानसाहेब पुटपुटले. "छे! आमच्याकडे इतक्या परदेशी मोटारी कुठून येणार, एवढं काय जपानला कळत नाही?" त्यांनी मोटारीवर काट मारली. राहिला बळी. आईबापांपायी बळी गेलेला, मुलांपायी, नातवंडांपायी, भावंडांपायी बळी गेलेला, आणि इतर संबंधितांपायी बळी गेलेला!

सानसाहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, ही तर चौकशी होती! जपानी कंपनी माणसाच्या घरी काय चाललंय, कोण त्याला छळतंय, हे विचारत होती! शेवटी एक रकाना होता मोचिकाबु, टक्क्यांचा. मोचि म्हणजे हातात धरलेलं, जवळ असलेलं. काबु म्हणजे सलगम, मुळ्यासारखा एक कंद. हातात असलेलं सलगम? सानसाहेबांनी पाऊण तास विचार केला. मग त्यांनी लिहिलं, 'पदरात पडलेलं सलगम (टक्के)'.

"सलगम?" मॅनेजरने विचारलं.

"तिकडे दुःखाला सलगम म्हणत असावेत. चवीला जरा उग्रच असतं ना!"

मॅनेजरने एकदा सलगम खाल्लं होतं. त्याला ते पटलं.

फॉर्मच्या तळाशी 'सर्वांची माहिती द्यावी' असं वाक्य होतं. सानसाहेबांनी मराठी फॉर्मच्या बावन्न प्रती काढल्या आणि कारखानाभर वाटल्या. पहिला दिवस लोक लाजले. दुसऱ्या दिवशी मात्र जी झुंबड उडाली ती विचारू नका! लेथवरचा मिस्त्री, जो आठ वर्षांत कुणाशी तीन शब्दांपलीकडे बोलला नव्हता, त्याने चार पुरवण्या जोडल्या. वॉचमनने मेहुण्यासाठी जागा पुरत नाही म्हणून फॉर्मच्या मागच्या बाजूला रेघा आखल्या. जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नाही!

"तुझं सलगम किती?"

"साठ टक्के सासू. तुझं?"

"माझं सगळं थोरल्या भावाचं. शंभरातलं शंभर!"

"अरेरे! उभं शेतच की रे तुझ्या पदरात!"

आणि मग एकाने विचारायचा तो प्रश्न विचारलाच. "सानसाहेब, बायकोचा रकाना कुठाय?"

"नाहीये," सानसाहेब म्हणाले. "बायको 'संबंधित'मध्ये टाका. पण एक अट आहे. तळटीप वाचा. संबंधितांचं प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली चालत नाही आणि पन्नासला भिडलेलं चालत नाही."

"म्हणजे जास्तीत जास्त एकोणपन्नास?"

"जपानचा नियम आहे. आपलं काही चालत नाही."

लोक हळहळले. पण एकतीस जणांनी बायकोला एकोणपन्नास टक्के दिले. पॅकिंगमधल्या अकरा बायकांनी तर 'नवरा' असा वेगळा रकानाच पट्टीने आखून घेतला आणि नियम धाब्यावर बसवून त्यात नव्वदच्या खाली कुणी उतरलं नाही.

सगळ्यांचे फॉर्म आल्यावर सानसाहेबांनी आपला भरायला घेतला. त्यांना खरं म्हणजे थातुरमातुर लिहून मोकळं व्हायचं होतं. पण पेन टेकवलं आणि त्यांना भरून आलं. एकोणीस वर्षांत, बाबा रे, तुला काही त्रास आहे का, असं त्यांना कुणीही विचारलं नव्हतं. समुद्रापलीकडून कुणीतरी विचारत होतं. म्हणून त्यांनी खरं लिहिलं. बायको एकोणपन्नास. आई पाच. साडू, जो याच कारखान्यात पॅकिंगचा सुपरवायझर होता आणि दर रविवारी घरी येऊन फुकटचे सल्ले द्यायचा, तो सहा. आणि उरलेले चाळीस टक्के त्यांनी 'संडासाशेजारची जागा' असं लिहून तिथे टाकले. बेरीज शंभर झाली. त्यांना फार मोकळं वाटलं.

मग त्यांनी त्याची एक प्रत काढली आणि ती मशीनच्या ट्रेमध्येच राहून गेली.

ती साडूला मिळाली. साडूला राग कसला आला, तर सहाचा! "दर रविवारी जातो मी याच्याकडे, पावसापाण्याचा जातो, आणि माझे नुसते सहा?" त्याने ती प्रत आपल्या बायकोला दाखवली. त्याची बायको म्हणजे सानसाहेबांच्या बायकोची सख्खी बहीण. संध्याकाळी सानसाहेब घरी पोचले तेव्हा ती प्रत जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवलेली होती.

"एकोणपन्नास?" बायकोने विचारलं.

"अगं, नियमच तसा आहे. पन्नास करता येत नाहीत."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि सानसाहेबांना कळलं की ते जायला नको होतं.

"म्हणजे करता आले असते तर केले असते!"

"तसं नव्हे गं—"

"आणि आईंना पाच? रोज मला भाजीत मीठ कमी, मीठ जास्त ऐकवतात त्या, त्यांना पाच?"

आता आई आपल्या बाजूने बोलेल म्हणून सानसाहेबांनी आशेने तिच्याकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांना तर पदर लागलेला!

"नऊ महिने पोटात वागवलं," आई म्हणाली, "आणि माझे पाच? साडूचे सहा आणि सख्ख्या आईचे पाच? म्हणजे या घरात मला काडीचीही किंमत नाही!"

"आई, अगं, हे त्रासाचे टक्के आहेत! कमी आहेत ते चांगलं आहे!"

"कमी ते कमीच! निदान पंचवीस तरी लिहायचेस रे!"

त्या दिवसापासून दोघींनी सानसाहेबांशी बोलणं टाकलं. एकमेकींशी मात्र त्या गोडीने बोलायला लागल्या, ते सानसाहेबांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. बायकोने वहीचं एक पान फाडलं, त्यावर मोठ्या अक्षरात 'नवरा – शंभर टक्के' असं लिहिलं आणि ते डब्यावर ठेवून दिलं. ऑफिसात डबा उघडला तेव्हा सानसाहेबांनी ते वाचलं. भूक मेली. ज्या कागदाने दार मिळणार होतं त्याने घरचीच सगळी दारं बंद झाली होती.

पण आता माघार नव्हती. बावन्न फॉर्म जपानीत उतरवायचे होते. तिथे एक नवीच पंचाईत आली. जपानीत आपल्या बायकोला एक शब्द आणि दुसऱ्याच्या बायकोला दुसरा, आदराचा. हे एकतीस जण कुणाच्या दृष्टीने आपले आणि कुणाच्या दृष्टीने दुसरे? उगाच कुणाचा अपमान नको म्हणून सानसाहेबांनी सरळ 'बायको' हाच शब्द जपानी अक्षरांत लिहिला. मग सासू, मेहुणा, नवरा, साडू, आई, एवढंच काय, 'संडासाशेजारचीजागा' हेही तसंच, एका दमात, न तोडता. गठ्ठा जपानला गेला.

आठ दिवसांत तातडीचं पत्र आलं. पुन्हा तीच साधी अक्षरं. चार प्रश्न. बायको म्हणजे कोण? तिचा मालक कोण? तिने ताबा केव्हा घेतला? तिच्याशी बोलणी होऊ शकतात का?

या खेपेला सानसाहेबांचा एकही शब्द चुकला नाही. अर्थ अगदी बरोबर लागला आणि तिथेच घात झाला!

"किती आपुलकी!" मॅनेजर गहिवरला. "काय उत्तर देऊ या?"

"खरं तेच देऊ या," सानसाहेब म्हणाले. आठ दिवस घरात त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं आणि त्यांचा जीव विटला होता. त्यांनी लिहिलं, 'बायको कोण हे इथे सर्वांना माहीत आहे. तिला मालक नाही. ताबा पहिल्या दिवसापासून आहे. बोलणी करून उपयोग होत नाही.'

दुसऱ्याच दिवशी तार यावी तसा ईमेल आला. 'आमचे वकील निघाले आहेत. कशावरही सही करू नका. बायकोच्या प्रतिनिधीला हजर ठेवा.'

"कुणाच्या बायकोला?" मॅनेजरने पोट धरून विचारलं.

सानसाहेब मान खाली घालून म्हणाले, "माझ्याच. इतर एकतीस जणी हे ऐकल्यापासून फोनवरच शिव्या देतात."

घरी गेल्यावर त्यांनी बंद दाराबाहेरून बायकोला सगळं सांगितलं. दार उघडलं गेलं नाही. आतून एवढंच ऐकू आलं, "येते. मलाही त्यांना काही विचारायचंय." आणि दुसऱ्या खोलीतून आईचा आवाज आला, "मीही येणार. माझे पाच आहेत."

जपानी वकील एक बारीक, उंच, पिकल्या केसांचा माणूस होता. त्याच्याबरोबर एक दुभाषी बाई होती, इथलीच. ती त्याच दिवशी सकाळी त्याला येऊन मिळाली होती आणि तिने अजून एकही कागद पाहिला नव्हता. मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला ते दोघं, दुसऱ्या बाजूला बायको, आई, मॅनेजर आणि टोकाला सानसाहेब. सानसाहेबांनी बिनइस्त्रीचा शर्ट घातला होता. घरात इस्त्री बायको करायची.

वकील उठला, कमरेत वाकला आणि दोन्ही हातांनी बायकोला आपलं कार्ड दिलं. बायकोने ते पर्समध्ये टाकलं. वकील बोलला, दुभाषी बाईने ते मराठीत सांगितलं.

"आपण बायको?"

"हो."

"आपले एकोणपन्नास टक्के?"

"ते कागदावर! एरवी सगळं मीच ओढते!"

हे जपानीत गेलं तसा वकिलाचा चेहरा उतरला. "म्हणजे प्रत्यक्षात पूर्ण ताबा?"

"पूर्णच धरा."

"तुमची मागणी काय आहे?"

"मागणी कसली? हे निदान विचारत आहेत हेच पुष्कळ आहे. आमच्या यांनी कधी विचारलंय का?"

वकिलाने घाम पुसला आणि आईकडे वळला. "आणि या कुठल्या कंपनीच्या?"

"कंपनी-बिंपनी काही नाही. मी आई. पाच टक्के."

दुभाषी बाईची मान वर झाली. "आई? म्हणजे... आईच?"

"मग काय मावशी वाटते?"

बाईने वकिलापुढचा गठ्ठा ओढून घेतला. एक पान वाचलं. दुसरं वाचलं. मग तिने तो गठ्ठा तोंडासमोर धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. ते बराच वेळ हलत राहिले. वकील घाबरून तिला पाणी देऊ लागला.

"काका," ती शेवटी डोळे पुसत सानसाहेबांना म्हणाली, "गाइशा म्हणजे कंपनी."

"कंपनी म्हणजे काइशा," सानसाहेब म्हणाले. "दुसऱ्या धड्यात आहे."

"हो, पण जोडशब्दात काइशाचा गाइशा होतो. 'क'चा 'ग'. जिच्या हातात दुसऱ्या कंपनीची मालकी असते ती ओया-गाइशा, आईबाप कंपनी. तिच्या मालकीची ती को-गाइशा, मूल कंपनी. आणि मुलाच्या मालकीची ती मागो-गाइशा, नातवंड. दारांची कंपनी आईबाप, कुलपांची कंपनी मूल, आणि तुमचा हा बिजागऱ्यांचा कारखाना नातवंड. बस्स. फॉर्मवर एक ओळ लिहायची होती, काका."

"आणि... काबु?"

"शेअर. सलगमलाही काबुच म्हणतात, ते मात्र तुमचं बरोबर आहे."

"हे कितव्या धड्यात असतं?" सानसाहेबांनी विचारलं.

"माझ्या पुस्तकात तरी चाळिसाव्यात होतं."

मॅनेजर पोट धरून उभा राहिला आणि खोलीबाहेर गेला. दुभाषी बाईने वकिलाला सगळं समजावलं. बायको म्हणजे कंपनी नव्हे, सासू, मेहुणा, नवरा याही कंपन्या नव्हेत, कारखाना कुणीही बळकावलेला नाही. वकिलाने डोळे मिटून घेतले. बावन्न माणसांचं दुःख त्याने विमानात तीनदा वाचलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी शत्रूची चाल शोधली होती. थोड्या वेळाने त्याने एक फॉर्म वेगळा काढला आणि त्यावर बोट ठेवलं. त्याची एक शंका अजून उरली होती.

"हे विचारतायत," दुभाषी बाई म्हणाली, आणि या वेळी ती हसत नव्हती, "संडासाशेजारचीजागा, चाळीस टक्के. या कंपनीचं मुख्य कार्यालय कुठे आहे?"

सानसाहेब उठले आणि पुढे चालू लागले. मागून वकील, दुभाषी बाई, बायको, आई. बोळ अरुंद होता, एकामागे एक चालावं लागत होतं. टेबलापाशी येऊन सानसाहेब थांबले. डावीकडे मशीन. उजवीकडे ते दार. टेबलावर पेनांचा मग, शब्दकोश आणि सुटी पडू नये म्हणून बिजागरीने दाबून ठेवलेली कागदांची चळत.

"इथे," ते म्हणाले.

तेवढ्यात बोळाच्या टोकाकडून मॅनेजर पुन्हा एकदा घाईघाईने आला. समोर जपानी वकील आहे, बायका आहेत, त्याला कशाचंही भान नव्हतं.

"सानसाहेब, आत कोणी आहे का?"

"नाही," सानसाहेब म्हणाले.

मॅनेजर आत गेला. वकिलाने खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं. बायको टेबलाकडे बघत होती.

"एकोणीस वर्षं तुम्ही इथे बसताय?"

"हं."

"तुम्ही मला सांगायचात, एका हाताला मशीन आहे आणि एका हाताला पाणी आहे." तिचा आवाज बारीक झाला होता. "मला वाटायचं तळं दिसतं खिडकीतून."

खोटं काही सांगितलं नव्हतं, असं म्हणायला सानसाहेबांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आतून साखळी ओढल्याचा आवाज आला.

त्या दिवशी तिघं घरी पायी गेले. मग चालता चालता बायको म्हणाली, "माझ्यातले नऊ काढून त्या जागेला द्या."

"आणि माझे?" आई म्हणाली.

"तुमचे पाचच राहू देत, आई," बायको म्हणाली. "वाढवायचे तर माझ्या फॉर्ममध्ये वाढवीन मी."

घरातलं एक दार असं उघडलं. दुसऱ्या दाराचं मात्र व्हायचं तेच झालं. जपान संपर्क अधिकारी म्हणून दुभाषी बाईची नेमणूक झाली. ती चाळीसही धडे शिकलेली होती. केबिन तिला मिळाली, दारासकट. त्या दिवशी सानसाहेबांनी जपानीचं पुस्तक मशीनखाली, जो पाय डगमगायचा त्याच्याखाली सरकवलं. एकोणीस वर्षं त्यांनी आशा धरली नव्हती तोवर बरं चाललं होतं. आशा लावली आणि ती काढून घेतली, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

आणि महिन्याभराने एक लाकडी खोकं आलं. वर सानसाहेबांचं नाव! आत एक दार होतं, गुळगुळीत, पांढरंशुभ्र, आईबाप कंपनीने पाठवलेलं. कुलपांच्या कंपनीने त्याला चकचकीत कुलूप पाठवलं होतं. सोबत वकिलाची दोन ओळींची चिठ्ठी. दुभाषी बाईने ती वाचून दाखवली, 'संडासाशेजारचीजागा ही आमच्या समूहात नाही. तरीही हे तिच्यासाठी. बिजागऱ्या कृपया नातवंडाने घालाव्यात.'

अख्खा कारखाना बिजागऱ्या घालायला जमला. प्रेमाच्या भरात लेथवरच्या मिस्त्रीने त्या स्वतःच्या हाताने घडवल्या, घट्ट, कधीच खिळखिळ्या होणार नाहीत अशा. टेबलाभोवती तीन बाजूंनी प्लायवूड ठोकलं, चौथ्या बाजूला दार बसवलं. सानसाहेब आत गेले. साडूने, हो साडूनेच, बाहेरून जोर लावून दार ओढून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे कामाला गेले.

सानसाहेब आत एकटे. दार बंद. शांतता! पाच मिनिटं ते नुसते डोळे मिटून बसले. आयुष्यात एवढं सुख त्यांना कधी झालं नव्हतं. मग त्यांनी उठून दार उघडायला मूठ फिरवली. दार हललं नाही. ओढलं. हललं नाही. पाय लावून ओढलं. मिस्त्रीच्या बिजागऱ्यांनी दाराला जे धरलं होतं ते धरलं होतं!

तेवढ्यात बाहेर लगबगीची पावलं वाजली. बोळात आता सारखी दोन दारं होती. पावलं या दाराशी थांबली. टकटक झाली.

"आत कोणी आहे का?"

एकोणीस वर्षांत या प्रश्नाचं असं उत्तर देण्याची संधी सानसाहेबांना पहिल्यांदाच मिळाली होती. ते जिवाच्या आकांताने ओरडले, "आहे! मी आहे! मी आहे आत!"

"बरं बरं," बाहेरून मॅनेजर समजुतीने म्हणाला. "होऊ द्या सावकाश! मी थांबतो."